समेट झाला; पण जखमेचे काय?

आपल्या धर्मग्रामांत एका शब्दाला फार प्रतिष्ठा लाभली आहे. तो शब्द म्हणजे 'समेट'. मुलाने आईवर हात उगारला, सुनेने सासऱ्याचे ताट बंद केले, भाच्याने मावशीचा अंगठा घेऊन वाडी आपल्या नावावर करून घेतली, की काही दिवसांनी प्रकरण चर्चच्या कचेरीत येते. चार शहाणी माणसे बसतात. दोन्ही बाजू ऐकून घेतल्या जातात. मुलगा मान खाली घालून पुन्हा असे होणार नाही असे सांगतो. आई पदराने डोळे पुसते. प्रार्थना होते, चहा होतो आणि एक घर वाचवल्याच्या समाधानात मंडळी पांगतात. त्या रात्री ती वृद्धा ज्या खोलीत परत जाते, तिथे पुढे काय घडते हे पाहायला त्या चौघांपैकी किती जण पुन्हा त्या घराची पायरी चढतात?

माझा आक्षेप समेटाला नाही. समेट म्हणजेच उपचार, या समजुतीला आहे. पाय मोडलेल्या माणसाला पाडणाऱ्याने 'माफ करा' म्हटले म्हणून हाड सांधत नाही. ते वैद्याकडे न्यावे लागते, बांधावे लागते, आठवडेच्या आठवडे जपावे लागते. मनाचे हाड मोडते तेव्हा मात्र माफीचे चार शब्द पुरेसे आहेत असे आपण धरून चालतो. छळ थांबवणे ही आपली पहिली जबाबदारी आहे. परंतु छळ थांबल्यावर जी जबाबदारी सुरू होते, तिचे आपल्या धर्मग्रामांत नावही घेतले जात नाही. हा लेख त्या दुसऱ्या जबाबदारीविषयी आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ सालापासून जुलै महिन्याचा चौथा रविवार आजी-आजोबांचा व वृद्धजनांचा जागतिक दिन म्हणून पाळण्याचा प्रघात पाडला. प्रभू येशूचे आजी-आजोबा संत योआकीम व संत ॲना यांचा सण २६ जुलैला येतो, म्हणून हा रविवार. आपल्याकडे तो उत्साहाने साजरा होतो. गुलाबाचे फूल, शाल, केक, बालगोपाळांचे नृत्य. यात वावगे काहीच नाही. परंतु त्या दिवशी पहिल्या बाकावर बसवलेल्या वृद्धांपैकी घरी मार कोण खातो, हे कळण्याची कोणतीही सोय आपल्याकडे नाही. आणि ज्यांना त्या दिवशी चर्चला आणलेच जात नाही, त्यांची तर गणतीही होत नाही. २०२४ साली या दिनाचा विषय एका स्तोत्रातील वृद्धाच्या विनवणीवरून घेतला होता: म्हातारपणी आपल्याला कोणी टाकून देऊ नये, ही ती विनवणी. आपण तो विषय फलकावर रंगवला, फलक वेदीजवळ लावला आणि पुढच्या सोमवारी उतरवून ठेवला.

छळ कशाला म्हणावे?

छळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काठी येते. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेने वृद्धांच्या छळात शारीरिक, मानसिक, लैंगिक व आर्थिक अत्याचारांबरोबर उपेक्षा, परित्याग आणि मानहानी यांचाही समावेश केला आहे. आपल्या घरांतील छळ बहुधा या शेवटच्या प्रकारांत मोडतो. फुटलेला चष्मा सहा महिने दुरुस्त न करणे, श्रवणयंत्राचे सेल न आणणे, पाहुणे आले की 'तुम्ही आत बसा' म्हणणे, निवृत्तिवेतनाचे पासबुक काढून घेणे, मुलीचा फोन आला की 'आई झोपली आहे' असे सांगणे. आणि 'कोण नेणार रोज रोज' म्हणून रविवारची मिस्सा बंद करणे. सत्तर वर्षे जिने एक रविवार चुकवला नाही, तिला कम्युनियनवाचून घरात कोंडणे हा माझ्या मते उघड छळ आहे. तो करणारे नेहमी आपल्याच चर्चच्या बाकांवर बसलेले असतात, हे आणखी दुःखद.

वसईपुरते बोलायचे तर या छळाचे एक मूळ जमिनीत आहे. ज्या केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्यांत एके काळी रहाट चालत होते, तिथे गेल्या तीन-चार दशकांत इमारती उठल्या. जमिनीला सोन्याचा भाव आला आणि सातबाऱ्यावर ज्याचे नाव, तो म्हातारा एकाएकी घरातला अडथळा ठरू लागला. कधी गोड बोलून बक्षीसपत्र होते, कधी 'नुसती सही करा' म्हणून हक्कसोड लिहून घेतली जाते, कधी कुलमुखत्यारपत्राने सगळाच कारभार हातात जातो. सही होईपर्यंत 'बाबा, तुम्ही म्हणाल तसे'. सही झाल्यावर जिन्याखालची खोली. ज्यांनी लग्न न करता भाचे-पुतणे वाढवले, त्या आपल्या समाजातील अविवाहित आत्या-मावशांची स्थिती तर अधिकच नाजूक असते. त्यांच्या बाजूने भांडायला कोणी सख्खे नसते.

हे प्रमाण किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठीपुढच्या सहा जणांपैकी एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा छळ सोसावा लागतो. आपल्या देशात मुंबईच्या देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. तीत साठीपुढच्यांपैकी सुमारे ५ टक्क्यांनी मागील वर्षात आपल्याला वाईट वागणूक मिळाल्याचे सांगितले. जगात सहात एक आणि आपल्याकडे विसात एक, म्हणजे आपली कुटुंबे अधिक प्रेमळ, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो खुशाल काढो. ज्या घरात पाहणी करणारा येतो त्याच घरात सून चहा आणून ठेवते आणि मुलगा दारात उभा असतो, हे ज्याला ठाऊक आहे तो त्या विसात एकाकडे निराळ्या नजरेने पाहील. शिवाय आई मुलाचे नाव घेत नाही. पोटचा गोळा आहे, असे म्हणून ती पोलिसालाही हात जोडते. तिच्या मौनावर आपली आकडेवारी उभी आहे.

छळ थांबतो, तेव्हा काय सुरू होते?

माझ्या पाहण्यातल्या एका वृद्ध बाईंना त्यांच्या मुलीने आपल्या घरी नेले. मुलाच्या घरी त्यांना दोन दोन दिवस पोटभर जेवण मिळत नसे. मुलीकडे कशाची ददात नव्हती. तरी महिन्याभराने उशीचा अभ्रा बदलताना मुलीला आत तांदळाच्या भाकरीचे वाळलेले तुकडे सापडले. तिने विचारले तेव्हा आई दचकली आणि म्हणाली, "रागावू नको, ठेवते परत." मुलीने ते हसण्यावारी नेले नाही, हे त्या घराचे भाग्य. बहुतेक घरांत अशा वेळी 'म्हातारी भ्रमिष्ट झाली' असा शिक्का बसतो.

छळाच्या जखमा अशाच दिसतात. झोप लागत नाही. लागली तर दचकून जाग येते. दारावर थाप पडली की छातीत धडधडते. भूक जाते किंवा अन्न लपवले जाते. वृद्ध माणूस 'मी उदास आहे' असे क्वचितच म्हणतो. तो अंग दुखते, पोटात जळते, डोके जड झाले आहे असे सांगतो आणि आपण त्याला मलम व गोळी देतो. उदासी फार वाढली की स्मरणशक्ती मंदावल्यासारखी वाटते. मग घरचे 'वयच झाले' म्हणून उपचार सोडून देतात. बऱ्याचदा वाटते ते तसे नसते. उदासीवर उपचार झाले की विसराळूपणही कमी होते. सर्वांत घातक भावना मात्र लाजेची. 'मीच याला वाढवला, माझ्याच संस्कारांत खोट असली पाहिजे,' हे आईबापांच्या मनातले कुरतडणे कोणत्याही औषधाच्या चिठ्ठीवर लिहिले जात नाही. काहींच्या मनात जीव द्यावा असे विचार येतात. 'आता देवाने न्यावे' हे वाक्य आपण म्हाताऱ्यांची सवय म्हणून सोडून देतो. ते दर वेळी प्रार्थनाच असते असे नाही. कधी कधी ती हाक असते.

वर उल्लेखिलेल्या पाहणीतच आणखी एक गोष्ट दिसली. शास्त्रीय प्रश्नावली लावली तेव्हा साठीपुढच्यांपैकी ८.३ टक्के लोकांत तीव्र नैराश्याची लक्षणे आढळली. परंतु डॉक्टरांनी आपल्याला नैराश्याचे निदान सांगितले आहे, असे म्हणणारे अवघे ०.८ टक्के होते. दहांतले नऊ जण उपचाराच्या दारापर्यंत पोहोचलेच नव्हते. आणि हे दार न उघडण्याची किंमत किती जबर असते, ते अमेरिकेतील न्यू हेवन शहरात दिसून आले. तेथील २८१२ वृद्धांचा १९८२ पासून मागोवा घेण्यात आला; त्याचे निष्कर्ष १९९८ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्यांचा छळ झाल्याची नोंद सरकारी संरक्षण यंत्रणेकडे होती, त्यांच्यापैकी तेरा वर्षांनी केवळ ९ टक्के हयात होते. ज्यांच्याविषयी अशी कोणतीही नोंद नव्हती, त्यांच्यापैकी ४० टक्के. वय, आजार, गरिबी यांचा हिशेब वजा करूनही छळ झालेल्यांच्या मृत्यूचा धोका तिपटीच्या घरात राहिला. छळ हा घरगुती कुरबुरीचा विषय आहे असे मानणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

क्षमेचा दुरुपयोग

आता मी मुख्य मुद्द्यावर येतो. आपण ख्रिस्ती लोक या जखमेवर एक ठराविक लेप लावतो. त्याचे नाव क्षमा. 'मावशी, क्षमा करा. प्रभूने क्रूसावरून क्षमा केली.' हे वाक्य जिच्या अंगावर वळ आहेत तिला ऐकवले जाते. ज्याने ते उठवले त्याला मात्र कोणी पश्चात्तापाचे प्रवचन देत नाही. क्षमा हे ख्रिस्ती जीवनाचे हृदय आहे, यात शंका नाही. पण जी क्षमा दुबळ्याकडून वसूल केली जाते, ती क्षमा राहत नाही. ती दुसरी सक्तीची सही होते. पहिल्या सहीने जमीन गेली, दुसरीने तक्रार करण्याचा हक्क गेला.

प्रायश्चित्त संस्काराची शिकवण आपण लहानपणी पाठ केली आहे. पापाची कबुली पुरेशी नसते. पश्चात्ताप लागतो आणि झालेल्या हानीची भरपाई लागते. चोरीचे धन घरात ठेवून चोरीची क्षमा मागता येत नाही. जक्कयाच्या घरी प्रभू जेवायला गेला, तेव्हा त्या जकातदाराने नुसते डोळे पुसले नाहीत. लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. त्यानंतरच त्या घराला तारण लाभल्याचे प्रभूने जाहीर केले. आपल्या समेटाच्या बैठकीत पासबुक परत करण्याचा विषय निघतो काय? बक्षीसपत्र रद्द करण्याचा? आईची खोली तिला परत देण्याचा? हे विषय काढले की 'फादर, आता जुने कशाला उकरायचे' असे उत्तर येते. जुने उकरायचे ते एवढ्यासाठी, की त्याखाली माणूस पुरलेला आहे.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभूने शास्त्री-परुशांना ज्या गोष्टीबद्दल सुनावले, ती आपल्या बाबतीत फार जवळची आहे. आईबापांना द्यावयाचे धन 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेले, असे जाहीर केले की आईबापांचे देणे फिटले, अशी पळवाट त्या काळी रूढ झाली होती. धर्माच्या नावाने आज्ञा मोडण्याचा हा प्रकार प्रभूला सहन झाला नाही. आज 'कुर्बान' हा शब्द आपण वापरत नाही. पण फेस्ताला मोठी वर्गणी देणाऱ्या, वेदीवरच्या फुलांचा खर्च उचलणाऱ्या दात्याच्या आईला घरी दोन वेळचे जेवण मिळते की नाही, हे विचारण्याचे धैर्य किती धर्मग्रामपरिषदांत आहे? अशी वर्गणी स्वीकारताना आपण त्या जुन्या पळवाटेची पावती फाडत असतो.

क्षमा करणे आणि मारणाऱ्याच्या हाती पुन्हा जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली 'आमोरिस लेतित्सिया' या पत्रात पतिपत्नींसंबंधी स्पष्ट म्हटले, की अत्याचारापासून दुबळ्या जोडीदाराला किंवा मुलांना वाचवण्यासाठी वेगळे होणे कधी कधी नैतिकदृष्ट्याही आवश्यक ठरते. विवाहासारख्या अतूट बंधनाबाबत ख्रिस्तसभा असे म्हणत असेल, तर थरथरत्या हातांच्या आईला त्याच घरात परत पाठवणे हे पुण्य कोणत्या शास्त्राने ठरते?

मग कोणी संतांच्या मौनाचा दाखला देतो. संत जान जुगान यांचे चरित्र या ठिकाणी नीट वाचावे. फ्रान्समध्ये १८३९ सालच्या हिवाळ्यात त्यांनी एका आंधळ्या वृद्धेला आपल्या घरी आणले आणि स्वतःची खाट तिला दिली; त्यातून पुढे वृद्धांची सेवा करणारा 'लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर' हा धर्मभगिनींचा संघ उभा राहिला. पण संघाच्या कारभारात शिरलेल्या एका धर्मगुरूने संस्थापकपदाचे श्रेय स्वतःकडे घेतले आणि जान यांना बाजूला सारले. आयुष्याची शेवटची सत्तावीस वर्षे त्यांनी आपल्याच संघात एक अनामिक म्हातारी म्हणून काढली. १८७९ साली त्या वारल्या, तेव्हा अनेक तरुण भगिनींना आपली संस्थापिका कोण हेही ठाऊक नव्हते. त्या गप्प राहिल्या हे खरे. त्यांचे मौन पवित्र होते हेही खरे. परंतु ख्रिस्तसभेने काय केले, तेही वाचावे. १८९० साली रोमने त्या धर्मगुरूला पदावरून दूर केले. पुढे सत्य प्रकाशात आणले गेले आणि २००९ साली जान यांना संतपद बहाल झाले. सोसणाऱ्याच्या पावित्र्याने सोसायला लावणाऱ्याचे पाप धुतले जात नाही, हा त्या चरित्राचा धडा आहे. मौन पाळायचे की नाही हे सोसणाऱ्याने ठरवावे. ते त्याच्यावर लादण्याचा अधिकार पाहणाऱ्याला नाही.

'कायद्याने घर मोडते'

दुसरा आक्षेप असा, की प्रांतांच्या कचेरीत गेल्याने घराची अब्रू जाते आणि घर मोडते. ज्या घरात आईला मारले जाते ते घर मोडलेलेच असते. कायदा फक्त त्याची नोंद घेतो. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. त्यानुसार वृद्धाला साध्या अर्जाने उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. तो स्वतः असमर्थ असेल, तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था त्याच्या वतीने अर्ज करू शकते. निर्वाहखर्चाच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत द्यावा, फार तर आणखी तीस दिवस घ्यावेत, असे बंधन आहे. निर्वाहाची रक्कम महिना दहा हजार रुपयांपर्यंत ठरवता येते. ज्याच्यावर वृद्धाच्या संगोपनाचा भार आहे त्याने त्याला कायमचे टाकून दिले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

याच कायद्याच्या तेविसाव्या कलमाकडे वाडी-घर असलेल्या आपल्या लोकांनी विशेष लक्ष द्यावे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येते. परंतु ती अट असल्याचे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ वृद्धांच्या हिताच्या बाजूने उदारपणे लावावा असे म्हणून एका आईने दिलेले बक्षीसपत्र रद्द ठरवले. तात्पर्य, बक्षीसपत्र करायचेच असेल तर सांभाळाची अट त्यात लेखी घालावी. त्याहून बरे म्हणजे मृत्युपत्र करावे. ते मृत्यूनंतरच अमलात येते आणि हयातीत केव्हाही बदलता येते. हे एवढे ज्ञान देणारे एखादे व्याख्यान आपल्या महिला मंडळात वर्षातून एकदा झाले, तरी अनेक आजींची खोली त्यांच्याकडे राहील.

मात्र कायद्याच्याही मर्यादा ओळखल्या पाहिजेत. न्यायाधिकरण पैसे मिळवून देईल, घर परत देईल. उशीतले भाकरीचे तुकडे ते काढू शकत नाही. निकाल हाती घेऊन परतलेला वृद्ध बहुधा अधिकच एकटा असतो, कारण आता नातेवाईकही त्याच्याशी बोलत नाहीत. नेमकी तिथे धर्मग्रामाची गरज असते आणि नेमके तिथे आपण, प्रकरण कोर्टकचेरीचे झाले म्हणून, दोन पावले मागे सरतो.

दुसरी पळवाट वृद्धाश्रमाची. आपल्या धर्मभगिनींचे आश्रम पुण्याचे काम करीत आहेत. त्यांच्याविषयी कृतज्ञतेवाचून दुसरी भावना माझ्या मनात नाही. पण छळ झालेल्या माणसाला तिथे पोहोचवून धर्मग्रामाने हात झटकणे, म्हणजे जखमी माणसाला गावाबाहेर नेऊन ठेवणे होय. ज्याने छळले तो आपल्या गावात, आपल्या चर्चमध्ये, आपल्या बाकावर राहतो. आणि ज्याला छळले त्याने गाव, शेजार, चर्चची घंटा, नवऱ्याची कबर, सगळे सोडून जायचे. शिक्षा नक्की कोणाला झाली?

मग करावे काय?

मनोविकारतज्ज्ञ आपल्या गावात कुठून आणायचा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर शेजारच्या गोव्यात मिळाले आहे. तेथे साठीपुढच्या १८१ वृद्धांवर एक प्रयोग झाला. नैराश्याची सौम्य लक्षणे असलेल्या या वृद्धांपैकी निम्म्यांकडे प्रशिक्षण दिलेले सामान्य कार्यकर्ते गेले. ते डॉक्टर नव्हते. त्यांनी रोजच्या अडचणी एकेक करून सोडवण्याची पद्धत शिकवली, झोप सुधारण्याचे उपाय सांगितले, मधुमेहासारखे आजार सांभाळण्याची माहिती दिली आणि सरकारी योजनांपर्यंत पोहोचायला मदत केली. वर्षाअखेर या गटात ४.४ टक्के लोकांना तीव्र नैराश्य आले. ज्यांना नेहमीचीच देखभाल मिळाली त्यांच्यात हे प्रमाण १४.४ टक्के होते. हा प्रयोग छळ झालेल्यांपुरता नव्हता, हे खरे. तरी नियमाने दार ठोठावणारा, ऐकून घेणारा आणि शिकवलेला माणूस काय करू शकतो, एवढे त्याने निश्चित सिद्ध केले. आपल्याकडे निवृत्त परिचारिका आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत. सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये निघाली ती घरी जाऊन गरिबांना भेटण्यासाठीच. माणसे आहेत, त्यांना हे काम शिकवण्याचा निर्णय नाही.

म्हणून माझी मागणी अशी. प्रत्येक धर्मग्रामाने तीन-चार प्रौढ, तोंडाला कुलूप असलेल्या व्यक्ती निवडाव्यात. त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया असाव्यात आणि त्या तक्रारीतल्या कुटुंबाच्या नात्यातल्या नसाव्यात. त्यांना वृद्धांच्या मनोविकारांचे प्राथमिक शिक्षण द्यावे. छळाची गोष्ट कानी आली, की वृद्धाला एकट्याला भेटावे. मुलासमोर बसवून आईला 'काही त्रास आहे का' असे विचारणे हा प्रश्न नव्हे, ती थट्टा आहे. पुढे काय करायचे हे तिच्या संमतीने ठरवावे. समेट होवो, निकाल लागो वा जागा बदलो, त्यानंतर किमान वर्षभर ठरलेल्या वारी, ठरलेल्या माणसाने भेट द्यावी. दर वेळी नवा चेहरा नको, कारण तुटलेला विश्वास एकाच ओळखीच्या चेहऱ्यावर हळूहळू बसतो. भेटीत सल्ला कमी आणि ऐकणे जास्त असावे. झोप, भूक, औषधे, पासबुक आणि पुन्हा काही घडले का, एवढे पाहावे. जीव नकोसा झाल्याचे बोलणे ऐकले, तर ते त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्यावे. तिला तिचा सामाजिक वावर परत द्यावा: मिस्सेला नेणारी रिक्षा, जपमाळेची संगत, धर्मशिक्षणाच्या वर्गात जुन्या गोष्टी सांगण्याचे एखादे काम. आपली अजून कोणाला तरी गरज आहे, हे उमगणे हा उपचाराचा मोठा भाग असतो.

चर्चच्या सूचनाफलकावर दोन क्रमांक कायमचे लिहून ठेवावेत. १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांसाठीची देशव्यापी निःशुल्क 'एल्डर लाइन', २०२१ पासून चालू असलेली. आणि १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची 'टेली मानस' सेवा, २०२२ पासूनची, जिथे मराठीतही बोलता येते. यासाठी लागणारा रंग फेस्ताच्या कमानीतून उरलेला पुरेल.

एक न्याय्य गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सर्व काही एकटीने करणारी, रात्रभर जागणारी, नवरा आखातात असलेली सूनही आपल्याच धर्मग्रामात आहे. तिचा एखादे दिवशी आवाज चढतो आणि शेजारी तिला छळवादी ठरवून मोकळे होतात. थकवा आणि क्रौर्य एक नव्हेत. जिला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळाली तर जिचा आवाज खाली येईल, तिला ती दुपार मिळवून देणे हेही याच कामाचे अंग आहे. पण थकव्याची सबब पुढे करून जे पासबुक लांबवतात, त्यांना हा उदारपणा लागू नाही.

चांगल्या शमरोन्याची गोष्ट आपण सारे जाणतो; पण तिचा शेवट आपण घाईने वाचतो. त्याने जखमा बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्या माणसाला उतारशाळेत नेले आणि रात्रभर त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी त्याने पैसे मोजून दिले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन असे सांगितले. तो परत येणार होता. त्या जखमी माणसाला हे ठाऊक होते. आपल्या समेटाच्या बैठकीत सर्व काही असते. परत येण्याची तारीख तेवढी नसते. पुढच्या धर्मग्रामपरिषदेच्या बैठकीत फेस्ताच्या मंडपाचा विषय निघण्यापूर्वी एवढेच विचारावे: गेल्या वर्षी आपण ज्यांचे समेट केले, त्या आजी आज कशा आहेत, आणि त्यांना शेवटचे भेटून कोण आले?